हाड जुळलं, मग दोर का सोडायचा?

हाड मोडल्यावर काय काय सोडायचं, याची आपल्याकडे एक न लिहिलेली यादी आहे. मुलगा मोटरसायकलवरून पडला, पायात रॉड पडला, तरी सहा-आठ महिन्यांनी तो पुन्हा मोटरसायकलवर दिसतो. 'गाडी सोड' असं त्याला कुणी म्हणत नाही, फार तर 'जरा हळू चालव' म्हणतात. कबड्डीत खांदा निखळलेला गडी पुढच्या जत्रेच्या सामन्यांना पट्टा बांधून हजर असतो आणि त्याचं कौतुकच होतं. घरातली बाई मोरीत घसरून पडली तर तिनं आता मोरीत जाऊ नये, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. पण मुलगी कातळ चढताना पडली, की यादीतली पहिलीच ओळ असते, 'झालं तेवढं पुरे. आता तरी शहाणी हो.'

मैत्रिणींनो, हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावातली एक मुलगी. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिचं लग्न व्हायचंय आणि तिच्या आईला मी तसा शब्द दिलाय. (यातच सगळं आलं, नाही का?) आमचा तालुका जुन्नर. शिवनेरी तर अंगणातच, शिवाय चावंड, हडसर, जीवधन असे किल्ले चहूकडे. इथल्या मुलांना डोंगराचं वेड लागलं नाही तरच नवल. ही मुलगी अकरावीपासून इथल्या एका गिरिभ्रमण मंडळाबरोबर जाते. जीवधनच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका तिनं चढलाय. आणि पडली कुठे, तर गावाबाहेरच्या एका धोंड्यावर सराव करताना, जेमतेम आठ-नऊ फुटांवरून. एका पायावर, दगडांच्या बेचक्यात. नडगीची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. या गोष्टीला आता दहा महिने होऊन गेले. मागच्या खेपेला डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की हाड छान भरलंय, हळूहळू सगळं सुरू करायला हरकत नाही. पोरगी पेढे घेऊन घरी आली. घरात मात्र सगळे गप्प. वडील एवढंच म्हणाले, "चालायला लागलीस, देवाची कृपा. आता बास."

यात मी का पडले, तेही सांगते. गेली बारा-तेरा वर्षं मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे घराघरात जाणं-येणं असतं. आणि दुसरं म्हणजे, मीही चढते. बी.ए.ला असताना किल्ले पुष्कळ पायाखालून घातले होते. मग लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. अडतिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा मंडळातली पोरं मला 'काकू' म्हणून हाताला धरून चढवायला बघायची. चार-सहा महिन्यांत ती सवय त्यांनी सोडली! फार मोठं काही करत नाही, सोप्या कातळावर दोर लावून चढते, वर्षातून एक-दोनदा पुण्याला जाऊन कृत्रिम भिंतीवर सराव करते. त्रेचाळिसाव्या वर्षी माझंही मनगट मोडलं. तेही सुळक्यावर नाही, कातळावर नाही. मागच्या दारी, शेवाळलेल्या धुण्याच्या दगडाशेजारी. पाय सटकला, हात टेकला आणि कडकन आवाज आला. सहा आठवडे प्लॅस्टर.

आता गंमत ऐका. भेटायला आलेल्या दहापैकी आठ बायका म्हणाल्या, "आता ते डोंगर चढणं बंद करा हो ताई." धुणं बंद करा, असं एकीनंही म्हटलं नाही. प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात मी पोळ्या लाटायला बसावं, अशी घरच्यांची अपेक्षा होती. डॉक्टर 'वजन उचलू नका' म्हणाले होते, पण पाण्याची कळशी आपल्याकडे वजनात धरतच नाहीत. भरलेल्या हंड्यात पंधरा लिटर पाणी असेल तर ते पंधरा किलो, शिवाय हंड्याचं वजन वेगळं. ते महिन्याभरात चालतं. आणि पाच महिन्यांनी, दोर बांधून, खाली दुसरं माणूस दोर धरून उभं असताना केलेली चढाई मात्र 'जिवावरचा खेळ' ठरते. मला तर वाटतं, बाईच्या हाडाची काळजी फारशी कुणाला नसते. बाईनं स्वतःच्या आवडीसाठी हाड वापरू नये, एवढीच काळजी असते. वाक्य कडू आहे, पण मागे घेणार नाही.

याचा अर्थ प्लॅस्टर कापलं की दुसऱ्या दिवशी दोराला लोंबकळायचं, असा मुळीच नाही. तो दुसरा टोकाचा वेडेपणा झाला, आणि तोही मी तरण्या पोरांमध्ये पुष्कळ पाहिलाय. 'हाड जुळलं' हा शब्द आपण फार सैल वापरतो. हाड मोडतं तेव्हा तिथे आधी रक्त साकळतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कूर्चेसारखा पूल तयार होतो. मग त्यात क्षार भरत जातात आणि तो कडक होतो, याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. नडगीसारख्या हाडाला भार पेलण्याइतकं भरायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. आणि त्यानंतरही हाड आतल्या आत स्वतःला घडवतच असतं. ज्या बाजूनं ताण येतो तिथे ते जाड होतं, जिथे गरज नाही तिथलं झिजतं. हे काम महिनोन् महिने, काही वर्षंसुद्धा चालतं. म्हणजे हाडाला भार हवाच असतो. नुसतं गादीवर जपून ठेवलेलं हाड मजबूत होत नाही, उलट विरळ होतं. पण भार हप्त्याहप्त्यानं हवा. आपल्या बचत गटासारखंच आहे, एकदम मोठी उचल घेतली की फेड अवघड.

आणि खरं अडतं ते हाडापाशी नाहीच, हाडाभोवतीच्या मांसापाशी. प्लॅस्टर काढल्यावर माझा हात पाहून मला रडू आलं होतं. काडीसारखा, कोरडा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मनगट ना वर वळे ना खाली. नळाची तोटी फिरवता येईना, मिठाच्या बरणीचं झाकण उघडेना. त्या मुलीच्या पोटरीचं आणि मांडीचं तेच झालं. दोन्ही पायांना टेप लावून मोजलं तर एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट बारीक. ती लंगडत नव्हती, म्हणून घरच्यांना वाटलं बरी झाली. पण एका पायावर उभी राहा म्हटलं की दहा आकडेसुद्धा मोजता येईनात, पाय थरथरायचा. चढाईत सगळा खेळ पायाचाच असतो. नवशिक्याला वाटतं हातानं ओढून वर जायचं. नाही, पायानं उभं राहायचं, बोटभर खाचेवर अंगठा टेकवून सगळं अंग वर उचलायचं. ते पोटरी करते.

म्हणून फिजिओथेरपीला मी ऑपरेशनइतकंच महत्त्व देते. आपल्याकडे ऑपरेशनसाठी कर्ज काढतील, दागिना मोडतील, पण नंतरच्या व्यायामाच्या फीला म्हणतील, 'हात-पाय हलवायला पैसे कशाला?' मुलगी असली तर हे वाक्य जरा लवकरच येतं. शिवाय लहान गावात फिजिओथेरपिस्ट असतोच असं नाही, एस.टी.नं जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. अशा वेळी रोज नाही, पण दोन-तीन आठवड्यांनी एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून यावेत, वहीत लिहून घ्यावेत आणि घरी करावेत. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही हा विभाग असतो, तिथे चौकशी करायला लाजू नये. आमच्या या मुलीनं घराच्या जोत्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायला सुरुवात केली. आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, मग न धरता, मग डोळे मिटून. दिसायला किती साधं! पण याला तिचे अडीच महिने गेले.

कातळावर परत जाण्याचीही एक रीत आहे आणि ती मंडळाच्या पोरांनाही धडपणी माहीत नसते. त्यांचा उत्साह असा की 'चल, आधी त्याच धोंड्यावर जाऊ, भीती मोडू.' अजिबात नाही! बुटक्या धोंड्यावर दोराशिवाय चढणं, ज्याला ही मुलं बोल्डरिंग म्हणतात, ते दिसायला सुरक्षित. पण त्यात प्रत्येक पडणं हे जमिनीवरचं पडणं असतं. गादी टाकली तरी नुकत्या भरलेल्या हाडाला तो दणका नको. उलट उंच पण सोप्या, थोड्या कलत्या कातळावर, वरून लावलेल्या दोरानं चढणं पहिल्यांदा चांगलं. हात सुटला तर माणूस जागच्या जागी दोरावर बसतं, पायावर आदळत नाही. उतरतानाही उडी नाही, दोरानं सावकाश खाली. आधी सगळा सोपा मार्ग, तोही थकायच्या आत थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्या जागी ठणका किंवा सूज आली तर एक पाऊल मागे. दुखरा पाय ताकदीनं दुसऱ्या पायाच्या जवळपास बरोबरीला येईपर्यंत उड्या आणि पडण्याची शक्यता असलेली अवघड चढाई बंद. स्वतः पुढे होऊन दोर नेत चढणं तर सगळ्यात शेवटी, कारण त्यात पडलं तर थोडं लांब पडतो. मनगट मोडलेल्यांना आणखी एक सांगते. बोटांची टोकं दुमडून बारीक खाचेला लटकणं हे मनगटावर आणि बोटांवर फार ताण देतं. मोठ्या, भरल्या पकडी धरा. मी पहिले दोन महिने भांड्याच्या काठाएवढ्या जाड पकडींशिवाय हात लावला नाही. आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी दुखत राहिलं तर 'लचक असेल' म्हणून सोडू नका. तिथल्या एका लहान हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. ते मोडलेलं पहिल्या फोटोत कधी दिसतही नाही आणि भरायलाही फार वेळ घेतं.

भीतीचं काय? हाड भरतं, भीती राहते. मी पहिल्यांदा परत दोरावर आले तेव्हा जमिनीपासून सहा फुटांवर माझे गुडघे शिवणयंत्रासारखे हलत होते. खाली दोर धरून उभा असलेला मुलगा माझ्या थोरल्याच्या वयाचा. तो काही बोलला नाही, नुसता दोर ताणून धरला. मग म्हणाला, "काकू, सोडा हात. मी आहे." सोडला. अर्धा फूट खाली आले आणि लटकले. असं दहा-बारा वेळा केलं. भीती अशी थोडी थोडी, ठरवून, विश्वासाच्या माणसाबरोबर कमी होते. 'घाबरतेस काय' असं ओरडून ती जात नाही.

इथे मला त्या प्रेरणादायी गोष्टींबद्दल जरा बोलायचंय. या मुलीला धीर द्यायला आलेल्या प्रत्येकानं अरुणिमा सिन्हाचं उदाहरण दिलं. उदाहरण थोरच आहे. २०११च्या एप्रिलमध्ये तिला चालत्या रेल्वेतून ढकलून दिलं, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, उजव्या पायात रॉड घालावा लागला, आणि २१ मे २०१३ला ती एव्हरेस्टवर पोचली. पण सांगणारे २०११वरून थेट २०१३वर उडी मारतात. मधल्या दोन वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. बचेंद्री पाल यांच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण, इतरांपेक्षा तासन् तास मागे राहणं, नवा पाय घासून होणाऱ्या जखमा. त्या मधल्या काळाशिवाय ही गोष्ट सांगितली तर ती धीर देत नाही, टोचते. 'तिनं पाय गमावून केलं, तुला काय झालंय?' हे बोलणं म्हणजे एका मुलीच्या कष्टानं दुसरीला मारलेली चापट. जुन्को ताबेईंचंही तसंच. ४ मे १९७५ला हिमप्रपातात त्या गाडल्या गेल्या आणि १६ मेला एव्हरेस्टवर पोचणारी जगातली पहिली स्त्री ठरल्या. बारा दिवसांत! खरंय. पण त्यांचं हाड मोडलं नव्हतं, हे सांगणारे विसरतात. हाड बारा दिवसांत भरत नाही, कुणाचंच नाही. मला स्वतःला जवळची वाटते ती जमशेदपूरची प्रेमलता अग्रवाल. घरसंसार, दोन मुली, पस्तिशी उलटल्यावर डोंगराची ओळख, आणि २०११मध्ये ४८व्या वर्षी एव्हरेस्ट. सावकाश, वर्षानुवर्षं वाढवत नेलेलं. ही गोष्ट आपल्या गावात चालण्यासारखी आहे.

आता लग्नाचं. हा विषय टाळून चालणार नाही, कारण घरात खरी कुजबुज त्याचीच होती. पायावर गुडघ्याखाली व्रण आहे, आत रॉड आहे. स्थळाला सांगायचं की नाही? एका मावशीनं तर सुचवलं, 'रॉड काढून टाकल्यावरच बघायचा कार्यक्रम ठेवा, म्हणजे विषयच नको.' मी स्पष्ट म्हटलं, सांगायचं. रॉड हा आजार नाही. त्रास नसेल तर तो कित्येकदा आयुष्यभर तसाच ठेवतात. काढायचा झाला तरी हाड पुरतं भरल्यावर, डॉक्टर म्हणतील तेव्हा. लग्नाच्या तारखेवरून नाही. नडगीतल्या रॉडचा मूल होण्याशी काडीचाही संबंध नाही. हे इतकं उघड लिहिते, कारण तो प्रश्न मला एका शिकलेल्या बाईनं कानात विचारला होता. मोटरसायकलवरून पडलेल्या मुलांच्या पायातल्या रॉडबद्दल स्थळाकडे कोण विचारतं हो?

पण आईची बाजू. तिच्याकडे दुर्लक्ष करून नुसतं 'मुलींना चढू द्या' म्हणणं सोपं आहे, आणि सभेत टाळ्याही मिळतात. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी भाजी निवडत होत्या. मी बोलले ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं खरं. पण दोन महिने तिला संडासला मी नेलं. रात्री तीनदा उठून पाय उशीवर मी ठेवला. अंघोळ मी घातली. ह्यांनी दवाखान्याचे पैसे दिले, मंडळाची पोरं फळं घेऊन आली, फोटो काढून गेली. पुन्हा पडली तर पुन्हा मीच. मला कुणी विचारलं का, पुन्हा जमेल का म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही याचं गोंडस उत्तर माझ्याकडे नाही. मुलीला 'नको' म्हणणाऱ्या पुष्कळ आया मनानं मागास नसतात, त्या नुसत्या दमलेल्या असतात. मुलीच्या स्वातंत्र्याचा हिशेब शेवटी आईच्या पाठीवर येतो, आणि मग आईच दार लावून घेते. तेव्हा चढायला जायचं की नाही, याआधी घरात दुसरं एक बोलणं व्हायला हवं. दुखापत झाली तर रात्री कोण उठणार? धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे, त्याला बहिणीला कुबडी देता येते की नाही? वडील एक वेळचा स्वयंपाक बघतील का? मी हे वडिलांसमोरच विचारलं. ते जरा अवघडले. पण मुलगा म्हणाला, "मी करीन की." आता करेल तेव्हा खरं, पण म्हणाला हेही थोडं नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. हाडासाठी चुन्यासारखा पदार्थ म्हणजे कॅल्शियम, तो शोषायला ड जीवनसत्त्व, आणि सगळं घडवायला प्रथिनं. त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तिळात तर कितीतरी जास्त. दूध, दही, अंडी, डाळी, अळीव, आणि सकाळ-संध्याकाळ नाही तर दुपारच्या उन्हात थोडा वेळ. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तानं कमी आहेत, हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालेलं आहे. ज्या घरात बाई सगळ्यात शेवटी, उरलेलं खाते, तिथे तिचं हाड लवकर कसं भरणार? आणि चढणाऱ्या मुलींना खास सांगणं, वजन हलकं राहावं म्हणून उपाशी राहू नका. फार सराव आणि कमी खाणं यानं पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर 'बरंच झालं, कटकट गेली' म्हणू नका. ती हाडं ठिसूळ होत असल्याची खूण असू शकते. डॉक्टरीणबाईंना दाखवा. हाडवैद्याकडे जायचंच असेल तर आधी एक्स-रे काढा. घट्ट कामट्या बांधून रक्त अडलं आणि हात-पाय गमवावा लागला, असंही घडतं.

अजून एक मनात येतं. हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्या जणी लहानपणापासून ऐकत आलो. रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ घरी, ती कडा उतरून गेली. आपण तिच्यातली आई पाहतो, पाहायलाच हवी. पण काळोखात, दोराशिवाय, तो कडा उतरणारी बाई चढाई-उतराईत किती तरबेज असेल, हे कुणी बोलत नाही. बाळासाठी उतरली म्हणून बुरुजाला नाव मिळालं. नुसतीच आवड म्हणून उतरली असती तर? सोडा, विषय लांबेल. आता तर प्रस्तरारोहण हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा आला, २०२४ला पॅरिसमध्येही झाला. म्हणजे 'हे काय माकडचाळे' म्हणायचीही सोय राहिली नाही.

मंडळाच्या पोरांशीही मी बसून बोलले, जरा कडक शब्दांत. मुलगी पडली तेव्हा खाली एकच जण होता, गादी नव्हती, प्रथमोपचाराची पेटी गाडीत राहिली होती. ते म्हणाले, "काकू, इतकी वर्षं काही झालं नव्हतं." काही झालं नव्हतं हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. मुलीला परत पाठवा असं घरच्यांना सांगायचं असेल, तर आधी मंडळानं घरच्यांना तोंड दाखवायला पाहिजे. हेल्मेट किती आहेत, ती कोणाच्या डोक्याला बसतात, दोर धरणाऱ्याला ते कोणी शिकवलं, पडलं तर कोणत्या रस्त्यानं, कोणत्या गाडीनं, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे कागदावर लिहून प्रत्येक घरी द्या म्हटलं. त्यांनी दिलंय. अक्षर वाईट आहे, पण दिलंय.

वहिनींनी शेवटी एक अट घातली. पहिल्या दिवशी त्या स्वतः बरोबर येणार. मागच्या रविवारी आम्ही गेलो, मुलगी, वहिनी, मी आणि मंडळाचे चौघे. चढायचं नव्हतं, जागा नुसती दाखवायची होती. वहिनींनी कातळाकडे फारसं पाहिलंच नाही. झाडाखाली बसून त्यांनी दोर मांडीवर घेतला, सुतळी तपासावी तसा बोटांमधून सरकवत पाहिला आणि विचारलं, "हा कधी घेतलेला?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नायलॉनचा दोर कितीही जपला तरी बनवणारे स्वतःच दहा वर्षांच्या वर वापरू नका म्हणतात, आणि वापर जास्त असेल तर त्याच्या पुष्कळ आधी. या दोराचं वय कुणालाच सांगता येईना. मग त्या दिवशी तो दोर तिथेच बाजूला काढला. आता नव्या दोरासाठी वर्गणी चालू आहे. पहिले पाचशे रुपये वहिनींनी दिले, आणि पावती माझ्याकडे मागितली.